खोट ताटात नाही, पाटात

प्रश्न : मी ३४ वर्षांची, कराडजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका. गेले चौदा महिने जवळजवळ रोज माझ्या अंगावर पित्त उठतं. बहुतेक वेळा संध्याकाळी शाळेतून आल्यावर, नाहीतर पहाटे तीन-चारला. लाल गांधी येतात, जीव नकोसा करणारी खाज सुटते, दोन-तीन तासांत त्या विरतात आणि दुसरीकडे उठतात. परकराच्या नाडीखाली आणि पर्सच्या पट्ट्याखाली तर हमखास. दोनदा वरचा ओठ सुजला. सासूबाई आमसुलाचं पाणी लावतात, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. सगळे म्हणाले खाण्यातून येतंय, म्हणून वांगं, टोमॅटो, दही, ताक, शेंगदाणे, तूरडाळ, हरभराडाळ, लिंबू, चिंच, गूळ असं एकेक करत बावीस पदार्थ सोडले. वजन सात किलो उतरलं, हिमोग्लोबिन ९.१ आलं. पित्त तसंच. मग ॲलर्जीची मोठी रक्ततपासणी केली. एकूण आयजीई ३१२ आलं, आणि यादीत तूरडाळ, वांगं, धुळीतले सूक्ष्म किडे (माइट) आणि कोळंबी पॉझिटिव्ह. आम्ही माळकरी, कोळंबी मी जन्मात खाल्लेली नाही! आता नवीन डॉक्टर म्हणतात, खाण्याचा संबंध नाही, “तुमच्या पेशींवरच्या रिसेप्टरचा प्रश्न आहे.” त्यांनी माझंच रक्त काढून त्याचं पाणी माझ्याच हातात टोचलं, तिथे गांध उठली. ॲलर्जीची गोळी दिवसाला चार घ्यायला सांगितली आहे, आणि त्याने भागलं नाही तर महिन्याला एक महागडं इंजेक्शन. चार गोळ्यांनी किडनी जाईल का? इंजेक्शनाने प्रतिकारशक्ती संपते का? आणि हा रिसेप्टर खरंच काही असतो, की कारण सापडत नाही म्हणून दिलेलं नाव?

उत्तर :

ताई, आधी जेवा. बाकीचं नंतर बोलू.

हिमोग्लोबिन ९.१ असताना दिवसभर वर्गात उभं राहायचं, घरी येऊन बावीस पदार्थ टाळून उरेल ते खायचं आणि पहाटे खाजेने उठून बसायचं. पत्र वाचताना मला तुमच्या पित्तापेक्षा तुमच्या ताटाचीच काळजी जास्त वाटली. मी त्वचारोगाच्या ओपीडीत तीस वर्षं काढली. पहिल्या काही वर्षांत मीसुद्धा चिठ्ठीच्या तळाशी “वांगे, अंडी, मासे, आंबट वर्ज्य” असं न चुकता लिहायचे. पथ्य मिळालं की रुग्णाचं समाधान व्हायचं, आणि खरं सांगायचं तर माझंही. त्या ओळीने कुणाचं पित्त गेलेलं मला आठवत नाही.

खाण्याच्या खऱ्या ॲलर्जीला एक शिस्त असते. पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत ती दिसते, आणि तो पदार्थ खाल्ला की दर वेळी दिसते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाला सोमवारी चटणी चालली आणि गुरुवारी नाही, असं सहसा होत नाही. तुमचं पित्त मात्र तुम्ही काय खाल्लं याची पर्वाच करत नाही. बावीस पदार्थ गेले तरी ते रोज ठरल्या वेळी हजर. सहा आठवड्यांहून जास्त काळ असं चाललं आणि बाहेरचं कारण दिसलं नाही, की आम्ही त्याला आपोआप उठणारं जुनाट पित्त म्हणतो. त्यात अन्न हे मूळ कारण क्वचितच निघतं.

या गोंधळात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. मराठीत घशाशी आंबट येतं तेही पित्त आणि अंगावर गांधी उठतात तेही पित्त. म्हणून दुकानदार ॲसिडिटीची कॅप्सूल हातावर ठेवतो आणि घरचे दही-चिंच बंद करतात. जठरातल्या आम्लाचा आणि कातडीवरच्या गांधीचा काही संबंध नाही. सासूबाईंच्या आमसुलाला मात्र मी नाव ठेवणार नाही. गार पाण्याने खाज शमते, लावणाऱ्या हाताची मायाही त्यात असते. थंडीनेच तुमचं पित्त उठत नसेल तर खुशाल लावा. फक्त तेच आमसूल आमटीत घालायलाही हरकत नाही, एवढं त्यांना सांगा.

आता तुमचा रिसेप्टर. तो आहे, अगदी खरा आहे. त्याचं नाव एफसी-एप्सिलॉन-आर-वन. नाव लक्षात ठेवू नका. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरची, ठरावीक पदार्थाने येऊन बसायची जागा, म्हणून मीही पुढे त्याला पाटच म्हणणार आहे.

आपल्या कातडीत, बारीक रक्तवाहिन्या आणि नसांच्या आसपास, मास्ट नावाच्या पेशी असतात. पाउल एर्लिख या जर्मन विद्यार्थ्याने १८७८ साली लाइपझिगच्या आपल्या प्रबंधात त्यांना हे नाव दिलं. पेशी दाण्यांनी गच्च भरलेल्या दिसल्या, म्हणून त्याला वाटलं या खाऊन-पिऊन पोसलेल्या पेशी असाव्यात. जर्मनमध्ये ‘मास्ट’ म्हणजे जनावराला खाऊ घालून पोसणं. ते दाणे म्हणजे खाल्लेलं अन्न नव्हे हे पुढे कळलं. त्यांत हिस्टामिन भरलेलं असतं. ते बाहेर सांडलं की रक्तवाहिन्या पाझरतात, कातडी फुगते, नसा चेतवल्या जातात. गांधीलमाशी चावल्यावर जशी गांध उठते तशीच, फक्त माशीशिवाय.

ही पेशी कुणाच्या सांगण्यावरून दाणे सांडते? इथे मला एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तुमच्या हातावर झालेल्या चाचणीची ती आजी आहे. १९२१ साली ब्रेस्लाऊत, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफमध्ये, प्राउसनिट्स आणि क्युस्टनर हे दोन डॉक्टर होते. क्युस्टनरला शिजवलेल्या माशाची ॲलर्जी होती. प्राउसनिट्सला माशाचा काही त्रास नव्हता. प्राउसनिट्सने क्युस्टनरच्या रक्तातलं पाणी, ज्याला आम्ही सीरम म्हणतो, स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. टम्म गांध उठली. म्हणजे ॲलर्जी एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या कातडीत जाऊन बसली, आणि रात्रभर तिथेच बसून राहिली. कोण बसलं होतं ते कळायला पुढे पंचेचाळीस वर्षं लागली. १९६६-६७च्या सुमारास अमेरिकेत डेनव्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने, आणि स्वीडनमध्ये उप्सालाला योहान्सन व बेनिख यांनी, वेगवेगळ्या वाटांनी तो पदार्थ शोधला. तेच तुमच्या रिपोर्टातलं आयजीई. ते एक प्रतिपिंड आहे, म्हणजे ठरावीक पदार्थ ओळखून त्याला धरणारं रक्तातलं प्रथिन.

पाहुणा सापडला, मग पाट शोधायचा होता. पाटाचे सगळे तुकडे हाती येऊन तो प्रयोगशाळेत जोडता आला १९८९मध्ये, अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, जाँ-पिएर किने यांच्या गटाकडून. मास्ट पेशीवरचा पाट चार साखळ्यांचा असतो. अल्फा नावाची साखळी पेशीच्या बाहेर डोकावते आणि आयजीईला धरते. बीटाची एक आणि गॅमाच्या दोन साखळ्या बाहेरची खबर आत पोचवतात. अल्फाची पकड विलक्षण घट्ट आहे. रक्तात मोकळं फिरणारं आयजीई दोनेक दिवसांत निम्मं होतं, पण पाटावर बसलेलं आठवडेच्या आठवडे उठत नाही. प्राउसनिट्सच्या पोटात ते रात्रभर का टिकलं, याचं उत्तर हे.

लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. पेशी म्हणजे मांडव, त्यात ओळीने मांडलेले पाट, एकेका पाटावर एकेक पाहुणा. नुसते पाहुणे बसलेत म्हणून काही बिघडत नाही. एखाद्यालाच कुणी हात लावला तरी फारसं काही होत नाही. पण बाहेरून असं कुणी आलं, की ज्याने शेजारच्या दोघा-तिघांचे हात एकदम धरून ओढले, पाट पाटाला भिडले, की मांडवात दंगल. शेंगदाण्यातलं प्रथिन शेंगदाण्याच्या ॲलर्जीवाल्यात नेमकं हेच करतं. पाट एकत्र ओढले गेले की आतल्या साखळ्यांवरून निरोप जातो, पेशीत कॅल्शियम वाढतं आणि काही मिनिटांत दाणे बाहेर सांडतात.

तुमच्या मांडवात मात्र बाहेरचं कुणी येतच नाही. या आजारात दोन प्रकारे घोटाळा होतो असं आज आपण जाणतो. एका प्रकारात पाटावर बसलेलं आयजीईच आपल्या शरीरातल्या एखाद्या पदार्थाविरुद्ध असतं. थायरॉइड ग्रंथीतलं एक प्रथिन हे त्याचं ओळखीचं उदाहरण. दुसऱ्या प्रकारात आयजीजी जातीची प्रतिपिंडं थेट पाटालाच धरून हलवतात. पाहुणा बसलेला असो वा नसो, त्यांना फरक पडत नाही. लंडनमधल्या संशोधकांनी १९९३ साली जुनाट पित्ताच्या काही रुग्णांच्या रक्तात पाटाच्या अल्फा साखळीवरच चालून जाणारी ही प्रतिपिंडं दाखवली. “पित्त मनाचं असतं” असं सर्रास ऐकवलं जायचं त्या काळात. माझ्या पिढीच्या त्वचारोगतज्ज्ञांना त्या शोधाने मोठा आधार दिला.

डॉक्टरांनी तुमच्या हातात तुमचंच सीरम टोचलं ते यासाठी. तुमच्या रक्तात पाट हलवणारं काही असेल तर ते टोचलेल्या जागी गांध उठवील, आणि ती उठली. पण इथे थोडं हातचं राखून बोलते. ही चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून आरोप सिद्ध झाला असं होत नाही. धडधाकट माणसांतही ती कधीकधी पॉझिटिव्ह येते. शिवाय थेट पाटावर हल्ला होणाऱ्या प्रकारात एकूण आयजीई बऱ्याचदा कमी सापडतं, आणि तुमचं ३१२ आहे. दोन्ही प्रकार एकाच माणसात एकत्रही असतात. म्हणून डॉक्टरांचं म्हणणं मला मुळात पटतं, पण नेमका कोणता प्रकार यावर मी पैज लावणार नाही. थायरॉइडची तपासणी झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. टीएसएच (थायरॉइडचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्तचाचणी) आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं बघायची का, हे पुढच्या भेटीत विचारा. जुनाट पित्त आणि अशा प्रतिपिंडांमुळे होणारा थायरॉइडचा आजार अनेकदा एकाच बाईच्या वाट्याला येतात, आणि प्रतिपिंडांच्या आकड्यावरून पित्ताच्या प्रकाराचाही अंदाज येतो.

३१२ हा आकडा बघून घाबरलात, असं पत्रात जाणवतं. प्रयोगशाळा साधारण १०० ही वरची मर्यादा छापतात, म्हणून तो लाल दिसतो. पण एकूण आयजीई म्हणजे मांडवाबाहेर फिरणाऱ्या सगळ्या पाहुण्यांची नुसती शिरगणती. कोण कुणाचा पाहुणा ते त्यावरून कळत नाही. जंत झाले तरी तो वाढतो, दमा किंवा धुळीची सर्दी असली तरी वाढतो. आपल्याकडे शेताभातात वावरणाऱ्या माणसांत तो चढा सापडणं अगदी नेहमीचं. त्यावर उपचार करायचा नसतो.

आणि ती कोळंबी! माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात हुशार प्रश्न तोच आहे, जरी तुम्ही तो वैतागून लिहिला असला तरी. कोळंबीच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं. तसंच, जवळजवळ जुळं भावंडं वाटावं असं प्रथिन धुळीतल्या माइटमध्ये आणि झुरळातही असतं. तुम्ही आयुष्यभर गाद्यांच्या धुळीत वावरलात, तुमच्या शरीराने माइटविरुद्ध आयजीई तयार केलं, आणि प्रयोगशाळेच्या यंत्रात त्याच आयजीईने कोळंबीलाही ओळख दाखवली असणार. माळ मोडलेली नाही, निश्चिंत राहा. यंत्राने खोटं सांगितलं नाही, आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारला. रक्तात आयजीई सापडणं याचा अर्थ पाहुणा बसलेला आहे, एवढाच. दंगल होते की नाही हे त्या माणसाने पदार्थ खाल्ल्यावर काय झालं त्यावरून ठरतं. तूरडाळीची आमटी तुम्ही बत्तीस-तेहेतीस वर्षं बिनबोभाट खाल्लीत. हा पुरावा त्या रिपोर्टापेक्षा मोठा आहे. पन्नास-शंभर पदार्थांच्या या सरसकट तपासण्या जुनाट पित्तात करूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातही काही ठिकाणी खाण्याविरुद्धचं आयजीजी मोजून यादी देतात, ती तर घेऊच नका. आयजीजी सापडलं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता, त्यापलीकडे त्याला अर्थ नाही.

तर सोडलेले पदार्थ परत आणायला लागा, सुरुवात तूरडाळीने. दर दोन-तीन दिवसांनी एकेक. रोज पित्त उठतंच आहे, त्यामुळे तूर खाल्ली त्या दिवशीही उठेल. लगेच तिच्यावर आळ घेऊ नका. हा धीर धरणं सगळ्यात अवघड जातं, मला माहीत आहे. बावीसपैकी एखादा पदार्थ खाल्ल्यावर कधी लगेच श्वास लागला असेल, उलट्या किंवा चक्कर आली असेल, तर तेवढा मात्र घरी आजमावू नका, डॉक्टरांना सांगा. आणि ९.१ हिमोग्लोबिन नुसत्या जेवणाने भरून निघेल या भ्रमात राहू नका. पाळीत रक्त जास्त जातं का, शरीरातला लोहाचा साठा किती आहे, हे बघून लोहाच्या गोळ्या लागतील.

आता औषधं. ॲलर्जीची गोळी पाटाला किंवा आयजीईला हातच लावत नाही. ती खूप पुढे काम करते. सांडलेलं हिस्टामिन जिथे जाऊन खाज उठवतं, ती जागा अडवून बसते. म्हणून पित्त उठल्यावर धावत जाऊन गोळी घेण्यात अर्धं नुकसान झालेलं असतं. जागा आधी अडवायला हवी. रोज, ठरल्या वेळी, पित्त असो वा नसो. एका गोळीने दोन ते चार आठवड्यांत भागलं नाही तर त्याच नव्या पिढीच्या औषधाचा डोस चौपटीपर्यंत वाढवावा, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेलं आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही केलेलं नाही. त्याने किडनी जात नाही. उलट बाजूने मात्र खरं आहे. ज्यांची किडनी आधीच अधू आहे त्यांच्यात लेव्होसेटिरिझिनसारखं औषध साचतं, म्हणून डोस कमी ठेवतात. तुमचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, एकदा बघून घ्यायला सांगा आणि विषय मनातून काढा. पेंग येत असेल तर स्कूटर चालवताना जपा, आणि औषध बदलून मागा. बिलास्टिन किंवा फेक्सोफेनाडिनने बहुतेकांना कमी पेंग येते. या चार गोळ्यांत भर म्हणून दुकानातून जुन्या प्रकारची झोप आणणारी गोळी घेऊ नका.

स्टेरॉइड. पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण चौदा महिन्यांत कुणी दंडात “पित्ताचं इंजेक्शन” दिलं नसेल असं मला वाटत नाही. एका रात्रीत कातडी कोरी करकरीत होते, म्हणून त्याची चटक लागते. फारच भडका उडाला तर आठ-दहा दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, इतकंच. महिनोन्महिने नाही.

आणखी एक गोष्ट, जी यादीतल्या बावीस पदार्थांपेक्षा महत्त्वाची. डोकं दुखलं, पाळीत पोट दुखलं, निवडणुकीच्या ड्युटीनंतर पाय भरून आले की तुम्ही कोणती गोळी घेता? आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या गोळ्या जुनाट पित्त असलेल्या काही जणांत भडका उडवतात. त्या आपल्या पाटाला वळसा घालून, वेगळ्याच वाटेने मास्ट पेशीला डिवचतात, म्हणून कुठल्याही आयजीई तपासणीत सापडत नाहीत. लागलीच तर साधी पॅरासिटामॉल घ्या. नाडीखाली आणि पट्ट्याखाली उठतं त्याचं कारण दाब. परकराला नाडीऐवजी रुंद पट्टी लावून घ्या, पर्स हातात धरा. गंमत वाटेल, पण एवढ्यानेही थोडा फरक पडतो.

चार गोळ्यांनी दोन-चार आठवड्यांत आराम पडला नाही, तर ओमालिझुमॅब. तुम्ही त्याचं नाव लिहिलं नाहीत, पण महिन्याचं महागडं इंजेक्शन म्हणजे तेच असणार. ते काय करतं हे मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. ते पाटावर बसलेल्या पाहुण्याला उठवत नाही, उठवूच शकत नाही. कारण ते आयजीईच्या ज्या भागाला धरतं तो भाग पाटात अडकलेला असतो. ते उभं राहतं मांडवाच्या दारात. रक्तात मोकळं फिरणारं आयजीई तिथेच धरलं जातं. बसलेले हळूहळू उठून जातात, नवे येत नाहीत. आणि पंगतीचा रिवाज तुम्हाला ठाऊकच आहे. पाट रिकामा राहिला की वाढपी तो उचलून नेतात. आपली पेशीही रिकामा पाट पृष्ठभागावर ठेवत नाही, आत ओढून घेते. माइटची ॲलर्जी असलेल्या रुग्णांत १९९७ साली एक मोजणी छापली गेली. मास्ट पेशीची रक्तातली चुलत बहीण असते बेसोफिल. तिच्यावर औषधाआधी सुमारे २ लाख २० हजार पाट होते, तीन महिन्यांनी उरले ८ हजारांच्या आसपास. पाटच उरले नाहीत तर हलवणार काय? पाटावर थेट हल्ला करणाऱ्या प्रतिपिंडांच्या प्रकारातही काही जणांना हे औषध लागू पडतं, ते बहुधा यामुळेच. मात्र तिथे ते सावकाश काम करतं, आणि काहींना करतच नाही. तुमच्या ३१२ या आकड्याचा उपयोग झालाच तर इथे होईल. आयजीई अगदी कमी असलेल्यांपेक्षा चढं असलेल्यांना हे इंजेक्शन जास्त चांगलं लागू पडतं.

पित्तासाठी डोस ठरलेला असतो, दर चार आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम, कातडीखाली. काही जणांना पहिल्याच पंधरवड्यात आराम पडतो, काहींना महिने लागतात. म्हणून सहा महिने झाल्याशिवाय “उपयोग नाही” असं म्हणू नये. औषध चालू असताना एकूण आयजीई पुन्हा तपासू नका. दारात धरलेलं आयजीईही यंत्र मोजतं, आकडा वाढलेला दिसतो आणि घरात रडारड होते. अमेरिकेत हे औषध २००३पासून दम्यासाठी आणि २०१४पासून जुनाट पित्तासाठी वापरात आहे. प्रतिकारशक्ती संपवणं हे स्टेरॉइडचं किंवा सायक्लोस्पोरिनचं लक्षण, याचं नाही. आयजीईचं जुनं काम जंतांशी लढण्याचं, म्हणून जंत जिथे खूप आहेत अशा ब्राझीलमधल्या लोकांवर एक अभ्यास झाला. जंतांचा संसर्ग किंचित वाढल्यासारखा दिसला, एवढंच. इंजेक्शन सुरू करण्याआधी जंतांचं औषध घ्यायचं का ते विचारा. खरी जपण्याची गोष्ट वेगळी. फार थोड्या लोकांत खुद्द या इंजेक्शनाचीच तीव्र ॲलर्जी येते, बहुधा पहिल्या दोन-तीन डोसांत. म्हणून ते दवाखान्यात घ्यायचं आणि सांगतील तितका वेळ तिथेच बसायचं. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर तोही डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि महाग तर ते आहेच. विमा असेल तर आधी लेखी विचारा, वैद्यकीय प्रतिपूर्तीत बसतं का तेही बिल झाल्यावर नव्हे, आधीच कार्यालयात विचारून घ्या. पाट हलल्यानंतर आत निरोप नेणाऱ्या एका दुव्याला अडवणारी रेमिब्रुटिनिब नावाची गोळीही सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेत मंजूर झाली आहे. ती आज तुमच्या उपयोगाची नाही, पण या एका पाटाभोवती किती काम चाललंय ते त्यावरून कळेल.

हे इंजेक्शन आजार मुळासकट उपटत नाही. थांबवल्यावर पित्त परत येऊ शकतं. पण बहुतेकांत हा आजार काही वर्षांत आपणहून मावळतो. तोवर तुम्हाला झोप लागावी, शाळा व्हावी, यासाठी ही सगळी खटपट.

घाई कधी करायची तेवढं सासूबाईंनाही सांगून ठेवा. जीभ किंवा घसा सुजणं, आवाज घोगरा होणं, श्वास लागणं, भोवळ येणं, गांधींसोबत उलट्या होणं, यांतलं काही झालं तर आमसूल नाही, गोळी नाही, थेट १०८. तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन मांडीत लागतं आणि तेच जीव वाचवतं. दुसरी खूण शांतपणे तपासायची. एखाद्या गांधीभोवती पेनाने गोल काढा. चोवीस तासांनंतरही ती तिथेच असेल, खाजेपेक्षा दुखत असेल किंवा जाताना काळा-निळा डाग ठेवत असेल, तर तो रक्तवाहिन्यांच्या सुजेचा वेगळा आजार असू शकतो आणि कातडीचा छोटा तुकडा तपासावा लागतो. तुमच्या गांधी दोन-तीन तासांत विरतात, म्हणून मला ती शंका नाही.

शेवटचं, शिक्षिकेला साजेसं काम. उद्यापासून रोज रात्री स्वतःला गुण द्या. गांधी नसतील तर शून्य, दिवसभरात विसापेक्षा कमी असतील तर एक, वीस ते पन्नास असतील तर दोन, त्याहून जास्त असतील तर तीन. खाजेलाही तसंच शून्य ते तीन, झोप मोडण्याइतकी असेल तर तीन. सात दिवसांची बेरीज करा, बेचाळीसपैकी. सहा किंवा त्याखाली आली तर औषध पुरतंय, अठ्ठावीस किंवा त्यावर गेली तर आजार तीव्र आहे. हा कागद डॉक्टरांपुढे ठेवलात तर इंजेक्शन कधी सुरू करायचं यावर घरात वाद घालावा लागणार नाही. चार आठवड्यांच्या चार बेरजा मलाही कळवा, आणि त्यांच्या शेजारी त्या त्या आठवड्यात ताटात परत आलेल्या पदार्थांची नावं.